गल्ल्यावरून : आधी घेतलेल्या तिघांचं काय?

(सांगलीच्या हरभट रोडवर ३१ वर्षं टीव्ही-रेडिओचं दुकान सांभाळलेल्या काकू दुकानदारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

काकू, साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. मी २७ वर्षांचा. बाबा आणि मी मिळून बघतो. दसऱ्याआधी मी नव्या गेमिंग कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचे, १२ पीस उचलले. खरेदी ४७,५००, विक्री ४९,९००. डिस्ट्रिब्युटरने दर ३ पिसांमागे २ गेमच्या सीडी घ्यायलाच लावल्या, त्या ८ वेगळ्या. पैसे बँकेच्या सीसीतून, म्हणजे दुकानाच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यातून काढले, व्याज ११ टक्के. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आतापर्यंत ३ पीस गेले. ९ पडून आहेत. पोरं येतात, रिमोट हातात घेतात, खोक्याचा फोटो काढतात आणि जातात. ऑनलाइन २-३ हजारांनी स्वस्त मिळतो. डिस्ट्रिब्युटर माल परत घेत नाही. भाव उतरवू की थांबू? आणि ज्या तिघांनी पूर्ण पैसे देऊन नेला, त्यांना काय तोंड दाखवू? त्यातले एक माझे शाळेतले सर आहेत. बाबा आठ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

बाळा, मी तुला तू म्हणते, माझा धाकटा तुझ्यापेक्षा मोठा आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा नजर एकाच ओळीवर थांबली, त्या तिघांच्या. बाकीचं सगळं गणित आहे, ते सुटेल. ती ओळ तू लिहिलीस म्हणून एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

आधी माझं ऐक. २००७ सालच्या दिवाळीत मी अशाच एका नव्या महागड्या यंत्राचे ६ पीस आणले होते. कंपनीचं नाव कशाला, दोष तिचा नव्हता. किंमत ४० हजारांच्या घरात. तेव्हा सांगलीत एवढ्या पैशात चांगली जुनी मोटरसायकल यायची आणि वर पेट्रोलला पैसे उरायचे. २ पीस गेले. एक मिरजेच्या एका डॉक्टरांनी नेला. दुसरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या एका माणसाने, भिशीचे पैसे उचलून, मुलासाठी. वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर नोटा तीनदा मोजल्या होत्या.

पुढे गुढीपाडव्यापर्यंत ४ पीस माळ्यावर धूळ खात बसले. मग आमच्या ह्यांनी आणि मी ठरवलं, ९ हजार उतरवायचे. दाराबाहेर पाटी लावली, मोठ्या लाल अक्षरांत. दिवाणजी रोज सायकलवरून त्याच रस्त्याने जायचे. तिसऱ्या दिवशी ते आत आले. भांडले नाहीत. पाटीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, एक शब्द सांगितला असतात तर थांबलो असतो." मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, नफ्यातोट्याचंच असणार. ते गेले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन समोरच्या दुकानातून गेलं. टेम्पोत चढताना मी गल्ल्यावर बसून बघत होते.

म्हणून तुला सांगते, भाव उतरवायचा आहेच, पण पाटी लिहायच्या आधी त्या तिघांच्या घरी जाऊन ये. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. स्वतः जा. तुझ्याकडे गेमच्या ८ सीडी आहेत ना? प्रत्येकाला दोन-दोन दे. सहा गेल्या. दोन डेमोला, म्हणजे दुकानात खेळून दाखवायला ठेव. त्या सीडी तशाही खपणार नाहीत. ज्याच्याकडे कन्सोल नाही तो सीडी घेऊन काय करेल? साताऱ्यात त्या वापरू शकतील अशी जी माणसं तू स्वतः तयार केलीस ती हीच तीन. नव्या गेमची सीडी ४-५ हजारांना मिळते, म्हणजे तू जेवढा भाव उतरवणार आहेस त्याहून जास्त त्यांच्या हाती पडेल. सरांना सरळ सांग, "सर, माझा अंदाज चुकला, मला भाव उतरवावा लागतोय, तुम्हाला आधी सांगायला आलोय." शाळेत चूक कबूल केल्यावर सर जसे बघायचे तसेच बघतील.

हे मला माझ्या डोक्यातून सुचलेलं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जपानच्या निन्टेंडो कंपनीने थ्रीडीएस नावाचा, हातात धरून खेळायचा कन्सोल आणला. थ्रीडीचा चष्मा न घालता चित्रात खोलपणा दिसायचा, नवलच होतं. किंमत २५,००० येन. सुरुवातीला उचल झाली आणि मग विक्री बसली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत सगळ्या जगात मिळून ७ लाख १० हजार पीस गेले. तेवढ्या मोठ्या कंपनीच्या मानाने ही तुझ्या ३ पिसांसारखीच गत. जुलैच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये भाव १५,००० येनवर आणला, अमेरिकेत २५० डॉलरचा १७०. बाजारात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी वाचून थांबले ते पुढच्या गोष्टीवर. ज्यांनी भाव उतरण्याआधी पूर्ण पैसे देऊन घेतला होता, त्यांना कंपनीने २० जुने गेम फुकट दिले आणि त्या गिऱ्हाइकांना नाव दिलं 'ॲम्बॅसेडर', आपल्या भाषेत राजदूत. आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मी हे वाचलं तेव्हा दिवाणजींना तीन-साडेतीन वर्षं होऊन गेली होती. पेपर बाजूला ठेवून मी बराच वेळ तशीच बसले होते. माझ्याकडेही त्या वेळी कपाटात चार सीडी पडल्या होत्या. देता आल्या असत्या.

पुढे तो थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर खपला. पण नुसता भाव उतरला म्हणून खपला असं समजू नकोस. त्याच वर्षी नोव्हेंबरात मारिओचा नवा गेम आला, डिसेंबरात गाड्यांच्या शर्यतीचा. तोवर लोकांना तो कन्सोल घ्यायला कारण नव्हतं. मिक्सर घरी नेला की त्याच दिवशी चटणी होते. कन्सोल घरी नेला तर गेम लागतो, आणि गेम असला तरी समोर बसायला कोणीतरी लागतं.

तुझं अडलंय ते इथे. पोरं खोक्याचा फोटो काढून जातात आणि तुला वाटतं ती ऑनलाइन घेतात. काही घेत असतील. बहुतेक कुठेच घेत नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला, आणि कोरेगावच्या, रहिमतपूरच्या पोराच्या खिशात गेम आला तो एक पैसा न देता. त्याचे मित्र सगळे त्या फोनवर आहेत. तो ५० हजारांची पेटी घरी आणून कोणाबरोबर खेळणार? साताऱ्यातल्या त्याच्या ओळखीच्या एकाही घरात ती नाही.

१९९० नंतर आमच्याकडे टीव्ही गेम खपायचे, मीडिया म्हणा, सामुराई म्हणा, अशा नावांचे. ते कसे खपायचे सांगू? दुकानात मी एक कायम चालू ठेवलेला असायचा. शाळा सुटली की दारात आठ-दहा दप्तरं. मी कोणाला हाकललं नाही. पोरं आधी स्वतः खेळायची, मग रविवारी बापाला ओढून आणायची. बाप आधी घड्याळ बघत उभा राहायचा. मग एखादा बाप दुसरा रिमोट हातात घ्यायचा. ज्या बापाने रिमोट घेतला त्याच्या घरी तो गेम गेला, हे मी शपथेवर सांगते. आणि एका चाळीत एक गेला की महिन्याभरात तिथे तिसरा जायचा.

तर एका पिसाचं सील फोड. हात थरथरेल, पण फोड. ४३ इंची टीव्ही दर्शनी भिंतीला लाव, दोन रिमोट, फुटबॉलचा गेम, समोर दोन खुर्च्या. पोवई नाक्यावर संध्याकाळी गर्दी कमी नसते. पैसे घेऊ नकोस. शनिवारी-रविवारी त्या तिघांना बोलव, सरांच्या मुलाला बसव, त्याला खेळता येतं, तो इतरांना दाखवेल. घरी दुसरा कोण आहे ज्याच्याबरोबर खेळता येईल, हे पोरांना तिथेच कळेल.

आता गणित. वही घे. पडून असलेले ९ पीस म्हणजे ४,२७,५०० रुपये. ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३,९०० च्या वर, म्हणजे प्रत्येक खोकं तुझ्याकडून महिन्याला ४३५ रुपये खातं. आता ८ पीस ४५,५०० ला लाव, ऑनलाइनपेक्षा खाली. पिसामागे २,००० तोटा, १६,००० झाले. डेमोचा पीस नंतर ४० हजारांना जाईल, ते ७,५००. एकूण २३,५०० चा खड्डा. आणि काहीच न करता सहा महिने थांबलास तर व्याज किती? तेवढंच, २३,५००. शिवाय पीस तुझ्याकडेच आणि सहा महिन्यांनी जुने. मी हा हिशेब दोनदा करून बघितला.

कोणी म्हणेल, थांब, कंपनीच भाव उतरवेल. पूर्वी उतरायचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ वर होता. हल्ली तसं राहिलेलं नाही. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत ४९,९९० ला आला आणि पुढच्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला. यंत्र जुनं होतंय आणि भाव चढतोय, अशी उलटी तऱ्हा आहे. आणि समजा उतरलाच भाव, तर तुझ्या ९ पिसांवरचा फरक कोण देणार? डिस्ट्रिब्युटरला प्राइस प्रोटेक्शनचं, म्हणजे कंपनीने भाव उतरवला तर पडून असलेल्या मालावरचा फरक भरून देण्याचं विचार, आणि तोंडी नको, मेलवर लेखी घे. मोठ्या शोरूमला मिळतं, लहान दुकानदार मागत नाही म्हणून त्याला मिळत नाही.

पुढच्या वेळी माल जांगड माग. तुझ्या वयाच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसतो, बाबांना विचार. खपला तर पैसे, नाही तर माल परत. डिस्ट्रिब्युटर हसेल. त्याला सांग, १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानदारांनी व्हिडिओ गेम ठेवायलाच नकार दिला होता, कारण दोनच वर्षांपूर्वी तिथला तो सगळा धंदा कोसळला होता. कपाटं भरून माल पडला होता सगळ्यांकडे. तेव्हा याच निन्टेंडोने दुकानदारांना सांगितलं की आमची माणसं येऊन मांडणी करतील, पैसे ९० दिवसांनी द्या, उरलं ते आम्ही परत नेऊ. म्हणजे जांगडच. ज्या कंपनीच्या गेमवर दोन पिढ्या वाढल्या, तिला एके काळी अशी अट घालून दुकानात शिरावं लागलं. तुझा डिस्ट्रिब्युटर काही त्यांच्याहून मोठा नाही.

ऑनलाइनचा राग गिऱ्हाइकावर काढू नकोस. फोटो काढून जाणाऱ्या पोराला पाणी विचार. तुझ्याकडे काय आहे जे तिकडे नाही? घरी जाऊन टीव्हीला जोडून देणं, टीव्हीला कन्सोलची वायर लावायची एचडीएमआयची खाच आहे की नाही हे आधी बघणं, आणि जुन्या सीडींची अदलाबदल. एक वही ठेव, कोणाकडे कोणता गेम खेळून झाला त्याची. ४ हजारांची सीडी संपली की ती तूच अडीचला घे आणि तीनला दुसऱ्याला दे. कन्सोलमध्ये मार्जिन नव्हतंच कधी, ते असं मागच्या दाराने येतं. मात्र सीडीचा खण नसलेलं मॉडेल चुकूनही भरू नकोस. त्याचे गेम थेट इंटरनेटवरून विकत घेतले जातात, एकदा दुकानातून गेलं की ते गिऱ्हाईक तुझ्याकडे परत यायचं काही कारणच राहत नाही.

आणि बाबा. आठ दिवस बोलत नाहीत, म्हणजे ते रात्री झोपत नाहीत. सीसीच्या कागदावर त्यांचीही सही असणार. त्यांनी तुला परवानगी दिली होती की नाही हे तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. वर जो हिशेब लिहिला तो स्वतःच्या हाताने काढ आणि दुकान उघडताना, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, त्यांच्यासमोर ठेव. तोट्याचा आकडा सर्वांत वर लिही. शोधायला लावू नकोस. पोरगं बुडालंय की पोरगं लपवतंय, यातलं दुसरं बापाला जास्त लागतं. मग सरांच्या घरी जाताना त्यांना बरोबर ने. ते काही बोलणार नाहीत, नुसते शेजारी बसतील. तेवढं पुरे.

ताई, आम्ही तासगावचे. मुलगा नववीत आहे, दोन वर्षं पैसे साठवतोय. सांगलीतल्या एका दुकानात नवा कन्सोल ५ हजार कमी करून देतायत. यांचं म्हणणं, जी वस्तू खपत नाही म्हणून स्वस्त देतात ती घेऊच नये, उद्या कंपनी बंद करेल. खरं आहे का?

तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत, ताई. दुकानात खपत नाही आणि जगात खपत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. वरचं साताऱ्याचं पत्र वाचलंत तर कळेल, दुकानदाराचा माल अडकण्याची कारणं बरीच असतात. त्याने ५ हजार कमी केले म्हणजे यंत्र वाईट असं नाही, व्याज चढत असेल बिचाऱ्याचं.

पण जगातच खपला नाही तर मात्र घेणाऱ्याचं नुकसान होतं, हेही खरं. निन्टेंडोचा 'वी' नावाचा कन्सोल १० कोटींच्या वर खपला होता. त्याच्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी 'वी यू' आणला. नाव इतकं सारखं की अनेकांना वाटलं, ही जुन्याच यंत्राला जोडायची काहीतरी पाटी आहे. एका वर्षात ९० लाख विकू म्हणाले होते, तो अंदाज २८ लाखांवर आणावा लागला. शेवटपर्यंत मिळून १ कोटी ३५ लाख गेले आणि २०१७ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. आता गेम बनवणारे बाहेरचे लोक काय बघतात? किती घरांत हे यंत्र आहे. घरं कमी, तर ते गेम बनवत नाहीत. गेम नाहीत, तर नवीन कोणी यंत्र घेत नाही. हे चक्र एकदा उलटं फिरायला लागलं की कंपनीलाही आवरत नाही. सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट तर १९९८ मध्ये येऊन २००१ मध्ये संपला, आणि सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं.

तरी एक लक्षात घ्या. ज्यांच्याकडे वी यूच्या सीडी होत्या त्यांचे गेम आजही चालतात. २०२३ मध्ये त्याचं ऑनलाइन दुकान बंद झालं, २०२४ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणं बंद झालं, पण सीडी आत घातली की गेम सुरू होतो. म्हणून मी तुम्हाला सीडीचा खण असलेलंच मॉडेल घ्या म्हणेन, दोन-चार हजार जास्त गेले तरी. तुमच्या मुलाने साठवलेले पैसे आहेत, त्याला तीन वर्षांनी तो गेम मित्राला विकता आला पाहिजे.

घ्यायच्या आधी मुलाला एक कागद द्या. त्यावर त्याला खेळायचे असलेले पाच गेम त्याने लिहायचे, आणि त्यांतले किती फक्त याच नव्या यंत्रावर मिळतात ते शोधून खूण करायची. बरेच नवे गेम आधीच्या पिढीच्या यंत्रावरही येतात. पाचातले चार जुन्यावर मिळत असतील तर वापरलेला जुना कन्सोल निम्म्या पैशात मिळेल. हा कागद त्यानेच लिहावा, तुम्ही नाही. नववीतल्या मुलाला हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

वरचा खर्च सांगते, दुकानदार सांगणार नाही. नवा गेम ४-५ हजार. दुसरा रिमोट, तोही काही हजार. मित्रांशी इंटरनेटवरून खेळायचं तर बऱ्याच गेमना वर्षाची वर्गणी वेगळी. तासगावात वीज जाते-येते, त्यामुळे चांगला स्पाइक गार्ड लावाच, ५-७ शे रुपयांत होतं. दुकानात खोकं फोडून चालू करून बघा, पक्की पावती घ्या, वॉरंटी कोणाच्या नावाची आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात ते पावतीच्या मागे लिहून घ्या. ५ हजार सोडणारा दुकानदार एवढं लिहून देईल.

टीव्ही हॉलमध्येच राहू द्या. यजमानांना एकदा रिमोट हातात घ्यायला सांगा.

नमस्कार. मी वाईचा, वय ७४. माळा झाडताना मुलाचा जुना टीव्ही गेम सापडला, पिवळी कॅसेट, वर '९९९९ इन १' लिहिलेलं. नातू सुटीला येणार आहे. हा चालेल का? टाकून द्यावासं वाटत नाही.

मुळीच टाकू नका. चालण्याची शक्यता चांगली आहे. ही यंत्रं जपानात १९८३ मध्ये निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला होत्या, आत बिघडण्यासारखं फार थोडं असायचं. माझ्याकडून असे किती गेले याची मोजदाद नाही, आणि त्यातले दुरुस्तीला परत आलेले मी बोटांवर मोजीन. बहुतेक वेळा अडॅप्टर जळलेला असायचा.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, आम्ही सगळ्यांनी तेच केलं आणि थुंकीने आतल्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानात घालायच्या कापसाच्या काडीने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. जुना अडॅप्टर लावू नका. यंत्राच्या मागे किती व्होल्ट आणि पिनेचं आतलं टोक अधिक की उणे हे कोरलेलं असतं, ते टिपून किंवा यंत्रच घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जा, तो जुळणारा देईल. टीव्हीला मागे पिवळं आणि पांढरं गोल छिद्र आहे का बघा. नव्या टीव्हीला कधी कधी त्या जागी एकच बारीक छिद्र असतं, त्याची जोडवायर मिळते.

९९९९ गेम काही नसतात त्यात. थोडेसेच गेम पुन्हा पुन्हा मोजलेले असतात, हे नातवाला आधीच सांगा म्हणजे तो हिरमुसणार नाही. पण कॉन्ट्रा बहुतेक असेल, आणि तो दोघांनी मिळून खेळायचा आहे. स्टार्टचं बटण साधारण एकाच रिमोटला असतं. तो नातवाला द्या, दुसरा आपण घ्या.